हा विसराळूपणा मोबाईलचा नव्हे

ताई, तुमच्या मिस्टरांच्या अर्धवट कामांबद्दल वाचलं. त्यावर कुणी म्हटलंय, "हल्ली सगळेच विसरतात, मोबाईलचा परिणाम." मला ते पटत नाही. यामागे एडीएचडी, म्हणजे लहानपणापासून लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जाण्याचा त्रासही असू शकतो. माझ्या भावाचं तेच निघालं.

या धाकट्या भावाचं कोल्हापुरात महाद्वार रोडला कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकापुढं तासन्‌तास रंगतो, पण जीएसटीचं रिटर्न दंड बसल्यावरच भरतो. एकदा गाडी रंकाळ्यावर लावून चालतच घरी आला आणि रात्री गाडी चोरीला गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं. आम्ही त्याला वर्षानुवर्षं बेफिकीर म्हणत आलो, त्याचं आज फार वाईट वाटतं.

शेवटी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी आधी शाळेचंच विचारलं. आईनं ट्रंकेतून चौथीचं प्रगतिपुस्तक काढलं. शेरा होता, 'हुशार आहे, पण जागेवर बसत नाही. वह्या अपुऱ्या.' तो फार उपयोगी पडला. कारण डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन मार्गदर्शक पुस्तक, २०१३) प्रमाणे एडीएचडीची काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीच दिसलेली असावी लागतात आणि त्रास घर, काम अशा किमान दोन ठिकाणी हवा. मोठेपणी पळापळ कमी होते, अस्वस्थपणा आत राहतो: पाय सारखा हलतो, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर येतं.

थायरॉइड, झोप, नैराश्य हेही तपासलं, त्यातही लक्ष उडतंच. एडीएचडी रक्ततपासणीत दिसत नाही, सविस्तर बोलूनच निदान होतं. म्हणून सांगते, पहिल्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या, आणि जुनं प्रगतिपुस्तक सापडलं तर तेही.