फॉस्टर सिटीचा बांध: तुमच्या सायकलफेरीचे अनुभव सांगा

खाडीकाठची

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को खाडीकाठी असलेल्या फॉस्टर सिटीच्या, खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर सायकल चालवणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून हा धागा. कुणी ऑफिसला जाताना तिथून जातं, कुणी शनिवारी मुलांना घेऊन. काय पाहिलंत, कुठे अडलात, नव्याने येणाऱ्याला काय सांगाल, ते मोकळेपणाने लिहा.

सुरुवात मी करते. इथे राहायला आले तेव्हा हे गाव मला फारच आखीव वाटलं होतं. जिकडे तिकडे वळणं घेणारं लगून, म्हणजे गावातला बांधीव तलाव, काठाने घरं, रस्त्यांना जहाजांची आणि माशांची नावं. बांधावर पहिल्यांदा सायकल नेली तेव्हा त्या आखणीमागचं कारण कळलं. पूर्वी इथे ब्रूअर बेट नावाची सखल जमीन होती, गवताची आणि मिठागरांची. टी. जॅक फॉस्टर यांनी ती घेऊन भर घातली, 1964 च्या सुमारास पहिली कुटुंबं आली आणि 1971 मध्ये गाव स्वतंत्र झालं. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहून एकदा खाडीचं पाणी बघा आणि मग वळून खालचा रस्ता बघा. पोटात गोळा येतो. आपण केवढ्या भरवशावर राहतो ते तिथे दिसतं.

उलटा वारा

माझं एकच सांगणं आहे, वारा बघून दिशा ठरवा. उन्हाळ्यात दुपारनंतर प्रशांत महासागराकडून वारा सुटतो, पश्चिम-वायव्येचा. थर्ड अव्हेन्यूच्या टोकाला विंडसर्फिंगवाले गोळा होतात ते उगाच नाही. त्या टोकापासून सॅन मटेओ-हेवर्ड पुलाच्या दिशेने निघालात तर वारा पाठीवर घेऊन जातो. आपल्याच पायात जोर आहे असं वाटायला लागतं. परतताना तोच वारा छातीवर येतो आणि बायकोशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

म्हणून मी आता आधी गावातून, घरांच्या आडोशाने वायव्येकडे जातो आणि परत येताना खाडीकाठ धरतो. सकाळी नऊच्या आत निघालात तर यातलं काहीच करावं लागत नाही. तेव्हा पाणी तव्यासारखं सपाट असतं.

बाबांचा मुलगा

गेल्या वर्षी आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आणि नोकरीत असताना साइटवर सायकलनेच जायचे. इथे आल्यावर पहिले तीन आठवडे नुसते खिडकीत बसून असायचे. मग मी त्यांच्यासाठी जुनी, सरळ दांड्याची सायकल आणली. सीट आपल्या उंचीला येईपर्यंत त्यांनी मला पाना खाली ठेवू दिला नाही. पँटच्या पायाला रबरबँड लावला आणि निघालो.

इथे पुढच्याला ओलांडताना ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणतात, हे त्यांना सांगितलं होतं. ते त्यांच्या तोंडात काही बसेना. ते दोनदा घंटी वाजवायचे आणि बाजूने जाताना हात जोडायचे. चालणारे लोक हसून हात करायचे.

एका सकाळी पंपघरापाशी ते थांबले आणि तिथून हलेचनात. “अरे, पावसाचं पाणी जातं कुठे?” मला सांगता आलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघांनी शोधून वाचलं. सगळ्या रस्त्यांचं पाणी उतरून लगूनमध्ये येतं. पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, लगूनची पातळी मुद्दाम खाली ठेवतात आणि जास्तीचं पाणी पंपाने खाडीत सोडतात. बाबा एकदम ताठ बसले. म्हणाले, “मग हा शोभेचा तलाव नाहीच. हा निचऱ्याचा हौद आहे, आणि बाहेरचा तो बंधारा!” त्यानंतर रोज फेरी. पातळी किती बोटं उतरली ते काठाच्या दगडावरच्या ओल्या रेघेवरून बघायचे आणि जेवताना आईला सांगायचे. खिडकीतली खुर्ची रिकामी राहायला लागली. माझ्यासाठी त्या बांधाने एवढं केलंय.

दोन मुलांची आई

हंसांबद्दल, म्हणजे कॅनडा गूजबद्दल, कुणी लिहिलं नाही अजून! वसंतात त्यांची पिल्लं असतात तेव्हा मुलांना जवळ जाऊ देऊ नका. मान जमिनीलगत लांब करून फूत्कारत येतात. उतरा, सायकल हातात धरून लांबून वळसा घ्या. आणि अठरा वर्षांखालच्यांना कॅलिफोर्नियात हेल्मेट कायद्यानेच लागतं, बांधावरसुद्धा.

जुना रहिवासी

बांधाचं काम चाललं होतं त्या वर्षांबद्दल लिहितो. 2018 मध्ये मतदारांनी 9 कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली, मी हो म्हटलं होतं. पुढे पोलादी पत्रे जमिनीत ठोकून भिंत उभी राहिली आणि मार्ग तुकड्यातुकड्याने बंद होत गेला. माझी रोजची वाट गेली, आणि खरं सांगायचं तर मी फार चिडचिड केली. मोकळं पाणी बघायची सवय असलेल्या डोळ्यांना भिंत खुपते, आजही. तरी डिसेंबर-जानेवारीतल्या किंग टाइडला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीला, मी मुद्दाम जातो. लाट त्या भिंतीपर्यंत कशी येते ते पाहिलं की माझं मत बदलत नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा हो म्हणेन.

चिखलातले पाय

ओहोटीची वेळ बघून जा, हे मी प्रत्येकाला सांगते. भरतीला सगळे फोटो काढतात, पण खाडी जगते ती ओहोटीला. मैलभर चिखल उघडा पडतो आणि पक्षी उतरतात. वर वळलेल्या बारीक चोचीचे ॲव्होसेट एका रांगेत चालत, चोच डावीकडे-उजवीकडे फिरवत पाणी चाळतात, आपण पीठ चाळतो तसं. बेलमाँट स्लू या खाडीच्या फाट्याच्या बाजूला पाणथळ गवतात पिकलवीड नावाची खाऱ्या जमिनीतली वनस्पती असते, शरदात ती लालसर होते. तिथे वेग कमी करा. शक्यतो थांबाच.

ट्यूब बदलून बदलून

सीगल शिंपले उंचावरून डांबरी वाटेवर टाकून फोडतात. त्या कपच्या सुरीसारख्या असतात, माझे दोन पंक्चर त्यांचेच. जादा ट्यूब बाळगा.

खाडीकाठची

किती छान लिहिताय सगळे! @बाबांचा मुलगा, तुमचा अनुभव आईला वाचून दाखवला.

माझी एक रात्र राहिली सांगायची. कोजागिरीला आम्ही सहा जण दिवे लावून निघालो, थर्मासमध्ये मसाला दूध. सॅन मटेओ-हेवर्ड पुलाच्या खालून वाट जाते तिथे थांबलो. वर गाड्या सांध्यांवरून जाताना धडधड असा एक ठेका चालू असतो, आणि पूल पाण्यावरून सात मैल पलीकडे जातो. सायकलला त्यावर परवानगी नाही, त्यामुळे आपण नेहमी खालूनच बघतो. पलीकडच्या हेवर्डच्या टेकड्यांमागून चंद्र आला. आधी नुसती तांबूस कड, मग एकदम सगळा. विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे एकामागून एक पाण्यावर खाली येत होते. दूध अजून गरम होतं. कुणीतरी कपात चंद्र धरायचा प्रयत्न केला, पण वाऱ्याने दूध हलत होतं.

यंदाही जायचं आहे. कोण कोण येणार?