मृग नक्षत्रात हरीण नेमकं कुठंय?

गच्चीवाला:
आपण म्हणतो मृग म्हणजे हरीण, आणि मुलीच्या मोबाइल ॲपमध्ये त्याच जागी ओरायन, हातात गदा घेतलेला शिकारी. मग हरीण की शिकारी? शिवाय मृगाचा पाऊस जूनमध्ये आणि नक्षत्र दिसतं थंडीत, हे कसं काय?

रानवाट:
दोन्ही बरोबर. ग्रीकांना त्या आकृतीत शिकारी दिसला, आपल्याकडे तीच आकृती शिकार झालीय. चार कोपऱ्यांचे ठळक तारे पाय, वरचे तीन फिकट तारे डोकं, आणि मधे ओळीतले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण. मारणारा बाहेर उभाय, व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. ग्रीकांकडे तो ओरायनचा कुत्रा!
गोष्ट ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाशी जोडलेल्या जुन्या ग्रंथात आहे. प्रजापती स्वतःच्याच मुलीच्या मागे लागला, ती लाल हरिणी झाली तर हा हरीण झाला, देव हादरले पण शिक्षा करणार कोण, मग सगळ्यांनी आपापली घोर रूपं एकत्र करून रुद्र उभा केला आणि त्याने बाण सोडला (मुलीला सांगताना जरा गाळून सांगा). ती हरिणी म्हणजे रोहिणी. जानेवारीत रात्री नऊला व्याधापासून बाणाच्या ताऱ्यांवरून रेघ पुढे न्या, लालसर रोहिणीजवळच जाते. मला तर वाटतं आधी ही रेघ दिसली असणार, गोष्ट नंतर सुचली.

कोकणी_काका:
महिम्न स्तोत्रात पण हे आहे. बाण लागलेला तो अजून घाबरलेलाच आहे आणि व्याध काही पाठ सोडत नाही. खरंच बघा, पूर्वेला आधी मृग उगवतो आणि मागून व्याध.
टिळकांनी 1893 च्या 'ओरायन'मध्ये याच कथांवरून वेदांचा काळ काढला, वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखी होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगात होता तेव्हाचा, म्हणजे इसपूर्व 4000 च्याही मागे.

रानवाट:
काका, बहुतेक अभ्यासक तो काळ मानत नाहीत हो.

कोकणी_काका:
न मानूदेत, वाचायला भारी आहे. आणि जूनचं म्हणाल तर मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला, साधारण 7-8 जूनला. सूर्यच तिथे बसल्यावर दिसणार काय? रात्री दिसायला तो समोरच्या बाजूला जावा लागतो, ते थंडीत.

गच्चीवाला:
पाय आणि बाण ओळखतो मी, पण डोक्याचे तीन तारे पुण्यातून दिसतच नाहीत.

रानवाट:
साधी दुर्बीण लावा, लगेच दिसतील.