ॲक्सिलरेटरला त्वरक म्हणायचं की वेगवर्धक?

चाफा:
रेडिएशन घेणाऱ्या पेशंटसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात लिनिअर ॲक्सिलरेटर, म्हणजे रेडिएशन देणारं मशीन, आलाय. मी 'रेषीय त्वरक' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी फुली मारून 'रेखीय कणवेगवर्धक' केलं. कुठला ठेवू? वाचणाऱ्याला कळायला हवं एवढंच.

पाटीपेन्सिल:
त्वरकच. शाळेत त्वरण शिकलो ना आपण, जुनी मंडळी प्रवेग म्हणायची. त्वरण देतो तो त्वरक.

उंबरठा:
त्वरक हिंदीतून उचललेला आहे. मराठीत त्वरा म्हणजे घाई. मराठी विश्वकोशात कणवेगवर्धक आहे, फोड केली की अर्थ हातात येतो.

पाटीपेन्सिल:
त्वरा संस्कृतातून आलेला शब्द, तो काय एकट्या हिंदीच्या मालकीचा आहे?

चुंबक:
फिजिक्स शिकवतो म्हणून सांगतो, वेगवर्धक हा शब्दच फसवा आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटरच्या रिंगमध्ये प्रोटॉन ४५० जीईव्ही (हे कणाच्या ऊर्जेचं माप) ऊर्जेला शिरतो तेव्हाच तो प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९९७ टक्क्यांच्या पुढे असतो, तिथून ६.८ टीईव्हीपर्यंत (म्हणजे ६८०० जीईव्ही) नेला की ऊर्जा पंधरापट होते आणि वेग वाढतो सेकंदाला जेमतेम साडेसहाशे मीटर. हॉस्पिटलच्या मशीनमध्येही तसंच, तांब्याच्या पोकळ्यांत मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनला ढकलतात, पहिल्या काही सेंटिमीटरांतच तो प्रकाशाच्या जवळपास वेगाला पोचतो, पुढे वाढते ती ऊर्जाच, मग तो टंगस्टनवर आदळतो आणि एक्स-रे निघतात. ऊर्जावर्धक म्हणा.

इंदूरकर:
मग आमच्या इंदूरच्या इंडस-२ या ॲक्सिलरेटरला काय म्हणाल? इलेक्ट्रॉन २.५ जीईव्हीपर्यंत नेला की १७२ मीटरच्या रिंगमध्ये तासन्‌तास नुसता फिरवत ठेवतात. वळताना त्याच्यातून जो प्रकाश सांडतो तोच हवा असतो, त्यात क्ष-किरणही आले, त्यावर प्रथिनांच्या स्फटिकांची रचना बघतात. वर्धन कुठंय? आणि दिशा बदलणं हेही त्वरणच की, म्हणजे त्वरकच बरोबर.

चुंबक:
हा मुद्दा मान्य. तरी पेशंटला त्वरक कळणार नाही.

सायकलवाला:
आमच्याकडे ॲक्सिलरेटरला रेस म्हणतात, गाडी चढाला लागली की "रेस पिळ रे". रेस वाढली तरी गाडी पळतेच असं नाही, क्लच दाबलेला असला तर नुसतं इंजिन ओरडतं.

ओसरी:
माझ्या मावशीला गळ्याला रेडिएशन होतं. जाळीचा मुखवटा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवला, टेबलाला अडकवला, मग मशीन तिच्याभोवती गोल फिरायचं. रोज निघताना म्हणायची, "लाईट घेऊन येते." त्वरक नाही, लिनॅक (लिनिअर ॲक्सिलरेटरचं छोटं नाव) नाही, लाईट. पत्रकात तेच लिहा.

उंबरठा:
लाईट तर सरळसरळ इंग्रजी आहे. किरणोपचार का नको?

ओसरी:
मावशीने तो शब्द कधी उच्चारला नाही आणि तिची मराठी चोख होती.

पाटीपेन्सिल:
शेजारचे काका 'शेक घेतो' म्हणायचे.

ओसरी:
शेक नका लिहू हो. मावशी पहिल्या दिवशी चटका बसेल म्हणून मुठी आवळून पडून राहिली होती, आणि आत किरण चालू झाले तेव्हा तिला काहीसुद्धा जाणवलं नाही, बाहेर आल्यावर विचारत होती, "झालं का सुरू?"

सायकलवाला:
शेक हा शेकोटीतला की शेकण्यातला, आधी कुठला आला?