नवी रॅम टाकल्यावर निळा स्क्रीन: आधी बायोस बघा
एकाने विचारलंय की जुन्या ८ जीबी रॅमला नवी ८ जीबीची स्टिक जोडल्यापासून पीसी निळा स्क्रीन येऊन बंद पडतोय, आणि त्याला कुणीतरी विंडोज नव्याने टाकायचा सल्ला दिलाय. कृपया इतक्यात फॉरमॅट मारू नका! आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारा पर्याय, बंद करा. डीडीआर४ प्रकारच्या रॅममध्ये ३२०० चा वेग पुष्कळदा १.३५ व्होल्टवरचा ओव्हरक्लॉक (मूळ वेगापेक्षा वाढवलेला वेग) असतो आणि वेगवेगळ्या टायमिंगच्या (प्रतिसादाच्या वेळेच्या) स्टिक तिथे बऱ्याचदा जुळत नाहीत. एक्सएमपी बंद केल्यावर २१३३ च्या वेगावर, १.२ व्होल्टला मशीन स्थिर राहिलं तर दोन्ही स्टिक बहुधा ठीक आहेत, जोडी जमत नाही एवढंच.

तरीही क्रॅश होत असेल तर एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकाच स्टिकवर एरर आली, अगदी एक जरी, तर ती वॉरंटीत बदलून घ्या. दुकानदार काहीही म्हणो.