शब्दचर्चा: 'निर्णयक्षमता' म्हणजे नेमकं काय?

कुडाळकडच्या एका दवाखान्यात मी रुग्णांना संमतीपत्र समजावून देते. त्यात छापील ओळ आहे, 'रुग्णाची निर्णयक्षमता तपासली'. म्हणजे उपचाराबद्दल सांगितलेलं समजून रुग्णाला स्वतः ठरवता येतं का, ते पाहिलं. नातेवाइकांना वाटतं, आजी झटपट निर्णय घेते का ते बघतायत. पेपरात अधिकाऱ्याची निर्णयक्षमता वाखाणतात, तोच अर्थ डोक्यात बसलेला. दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद: 'शुद्धीवर आहे' लिहा की. सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद: खरेदीखतात 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' असतं. तोच शब्द इथं का नको? आपल्याकडे जमिनीचे कागद वाचून घराघरांत तो ठाऊक आहे.

मूळ प्रश्नकर्ती: 'अक्कलहुशारी' खूप आवडला. पण म्हाताऱ्या माणसाची अक्कल तपासली म्हटलं तर अपमान होईल. आणि 'शुद्धीवर' पुरत नाही. माणूस टक्क जागा असून गोंधळलेला असतो. लघवीचा संसर्ग झाला किंवा सोडियम उतरलं की रात्री बरळणारी आजी सकाळी नीट बोलते. म्हणून विचारायचं ते त्या वेळी, त्या एका उपचारापुरतं, आणि आधी कानाचं यंत्र लावून.

मागच्या पावसात मधुमेहाने पाय काळा पडलेल्या एक आजी आल्या. मुंबईहून मुलाचा फोन, "तिला काय विचारता, तिला काही कळत नाही." मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्या शब्दांत सांगा. त्या म्हणाल्या, "पाय काढलो नाय तर ईख (विष) वर चढतला नि मी मरतलंय. कळला माका. पण पाय काढूक देवचंय नाय." आम्हाला त्यांचा निर्णय पटला नाही, पण त्यांना कळलं नव्हतं असं कसं म्हणणार? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचं कलम 4 मानसिक उपचारांपुरतं आहे, तरी त्यातही हेच आहे: इतरांना निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही.

प्रतिसाद: मग जोडशब्द घ्या, समज-उमज. समज म्हणजे सांगितलेलं कळणं. उमज म्हणजे ते आपल्या अंगावर आलंय हे आत उतरणं. 'काळ्या पायाने माणसं मरतात, पण माझ्या पायाला नुसता चिखल लागलाय' असं कुणी म्हणालं, तर समज आहे, उमज नाही.

मूळ प्रश्नकर्ती: हेच हवं होतं! नुसता 'समज' घेतला असता तर पोलीस 'समज देऊन सोडतात' ते आठवलं असतं. आता ओळ अशी करून बघते: 'या उपचाराबाबत रुग्णाची समज-उमज विचारून पाहिली.'