मदत हवी आहे: रस्ता रुंदीकरणात जुनी माडी कापली जाणार

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या दुमजली घराचा पुढचा भाग रुंदीकरणात जातो आहे. आखीव पत्रिकेवरचं (प्रॉपर्टी कार्डवरचं) क्षेत्र आणि मोजणीतलं क्षेत्र जुळत नाही. हरकत आधी भूमापन कार्यालयात घ्यायची की थेट भूसंपादन अधिकाऱ्याकडे? 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 126 मध्ये रोख मोबदला आणि टीडीआर (रोख रकमेऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) दोन्ही आहेत; खाली जुना भाडेकरू असताना टीडीआर कोणी घेतलाय का?

खरी काळजी पाडकामाची आहे. सागवानी तुळयांची टोकं रस्त्याकडच्या भिंतीत आहेत, बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. आधी आतून टेकू देऊन तुळया पेलल्या नाहीत तर माडी खाली येईल, सामाईक भिंतही फाटेल. चुन्यातल्या विटकामाला ब्रेकर मशीनचे हादरे सोसत नाहीत, वरून हातानेच उतरवावं लागतं. असं काम केलेला जाणता मिस्त्री किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर कृपया सुचवा.