वय एकच, भाव मात्र वेगळा: उतारवयातल्या क्वार्टरबॅकची किंमत ठरते कशी?

प्रश्न (रत्नागिरीकर)

नमस्कार. अमेरिकन फुटबॉल नियमाने पाहणारे आम्ही चार-पाच मित्र रत्नागिरीत आहोत. 12 सप्टेंबर 2023 ची पहाट आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. गणपतीला जेमतेम आठवडा उरला होता, घरोघरी साफसफाई चालू होती, आणि आम्ही पावणेसहापासून सामना लावून बसलो होतो. न्यूयॉर्क जेट्सकडून पहिल्यांदाच उतरलेला क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असलेला, चेंडू फेकणारा खेळाडू) ॲरन रॉजर्स चौथ्याच स्नॅपला, म्हणजे चौथ्याच चालीला, पायाची अ‍ॅकिलीस कंडरा तुटून मैदानाबाहेर गेला. तेव्हापासून एक वाद आमच्यात अधूनमधून डोके वर काढतो, तो असा की वय झालेल्या क्वार्टरबॅकसाठी संघ जी किंमत मोजतात, ती नेमकी कशाची असते?

दोन उदाहरणे मला विशेष छळतात. एप्रिल 1993 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी जो मोंटानाला कॅन्सस सिटी चीफ्सकडे पाठवले, तेव्हा तो 36 वर्षांचा होता. कोपराच्या दुखापतीमुळे 1991 चा संपूर्ण आणि 1992 चा जवळजवळ संपूर्ण हंगाम तो बाहेर होता, तरीही त्याच्या मोबदल्यात पहिल्या फेरीची निवड (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमध्ये, खेळाडू घेण्याचा हक्क; फेरी जितकी आधीची, तितका तो मोलाचा) मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोने त्याच्यासोबत एक बचावपटू आणि तिसऱ्या फेरीची निवड दिली, हे मान्य. मार्च 2022 मध्ये अटलांटा फाल्कन्सनी मॅट रायनला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे दिले, तेव्हा तोही 36 वर्षांचाच होता आणि वर्षानुवर्षे क्वचितच सामना चुकवत आलेला होता. त्याचे मात्र तिसऱ्या फेरीच्या एका निवडीवर भागले. दुखापतीतून उठलेल्या माणसाला जास्त आणि धडधाकट माणसाला कमी, हे कसे? मोंटानाच्या चार सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) विजयांचे वलय एवढेच याचे कारण असेल, तर ते मला पटत नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावे.

उत्तर (अलिबागहून)

आपण निवडलेली जोडी फार चांगली आहे, कारण तिच्यातला मुख्य फरक खेळाडूंमध्ये नसून काळात आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण वेतनखर्चावरची वार्षिक मर्यादा, 1994 पासून लागू झाली. मोंटानाचा व्यवहार त्याच्या आदल्या वर्षीचा. त्याला सोडल्याने फोर्टीनाइनर्सच्या हिशेबात पुढच्या वर्षांसाठी काहीही अडकून पडणार नव्हते, आणि त्यांच्याकडे 1992 चा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला स्टीव्ह यंग तयार होता. कॅन्सस सिटीत आक्रमणाची आखणी करणारे पॉल हॅकेट हे पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत मोंटानाचेच प्रशिक्षक होते, त्यामुळे नवी पद्धत शिकण्यात त्याचे वर्ष फुकट जाणार नव्हते. चीफ्सनी जोखीम पारखून घेतली होती, आणि तो त्याच हंगामात त्यांना एएफसीच्या, म्हणजे लीगमधल्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला.

रायनच्या वेळी परिस्थिती पूर्ण बदललेली होती. करार करताना खेळाडूला जो सायनिंग बोनस मिळतो तो त्याच्या हातात लगेच पडतो, पण कॅपच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो. मध्येच खेळाडू दुसऱ्या संघात गेला की उरलेले सगळे हप्ते जुन्या संघाच्या माथी एकदम येतात. व्यवहार 1 जूननंतर झाला तरच तो भार दोन वर्षांत वाटला जातो. यालाच डेड मनी म्हणतात. आपल्याकडे बँकेचे कर्ज डोक्यावर असलेला ट्रॉलर विकायला काढला, तर कर्ज आधी विकणाऱ्याला फेडावे लागते आणि घेणारा फक्त पुढचे डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार पाहतो, तसेच हे आहे. अटलांटाच्या माथी 4 कोटी 5 लाख डॉलर आले, आणि त्या वर्षीची संपूर्ण मर्यादा 20 कोटी 82 लाख डॉलर होती. म्हणजे जो माणूस संघात नाही, त्याच्यापायी मर्यादेचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला.

मग एवढे सोसून त्यांनी त्याला विकले का? कारण त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी डेशॉन वॉटसन या दुसऱ्या क्वार्टरबॅकला मिळवण्याची उघड खटपट केली होती, आणि ती फसल्यावर रायनला पुन्हा विश्वासात घेणे अवघड झाले होते. विकणाऱ्याला विकणे भाग आहे हे बाजाराला कळले की भाव पडतो. तिसऱ्या फेरीची निवड ही रायनच्या खेळाची किंमत आहे, असे मी कधीच म्हणणार नाही. ती अटलांटाच्या अडचणीची किंमत होती. पुढे कोल्ट्सनी त्याला त्याच हंगामात बाकावर बसवले, ही गोष्ट निराळी.

उत्तर (दापोलीहून)

वरच्या उत्तरात घेणाऱ्याच्या गरजेचा उल्लेख राहिला, म्हणून थोडे लिहिते. ऑक्टोबर 2011 मध्ये ओकलंड रेडर्सचा क्वार्टरबॅक जेसन कॅम्पबेल याच्या गळपट्टीचे हाड मोडले. सिनसिनाटी बेंगल्सचा कार्सन पामर तेव्हा घरी बसून होता, कारण बेंगल्सकडून पुन्हा खेळणार नाही असे त्याने जाहीर केले होते आणि संघही त्याला सोडायला तयार नव्हता. त्या 31 वर्षांच्या, सरावाबाहेर असलेल्या खेळाडूसाठी रेडर्सनी पहिल्या फेरीची एक निवड दिली, आणि पुढच्या वर्षाची जी सशर्त निवड दिली ती अखेर दुसऱ्या फेरीची ठरली. दीड वर्षाने तोच पामर ॲरिझोना कार्डिनल्सकडे गेला तेव्हा मोबदला सहाव्या-सातव्या फेऱ्यांपर्यंत घसरला होता. आणि मग 2015 मध्ये त्याने ॲरिझोनाला 13 विजय मिळवून देत एनएफसीच्या, म्हणजे दुसऱ्या गटाच्या, अंतिम सामन्यात नेले!

आता ऑक्टोबर 2025 पाहा. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो जायबंदी झाल्यामुळे बेंगल्सना भर हंगामात क्वार्टरबॅक हवा होता, म्हणजे गरज रेडर्सइतकीच निकडीची होती. पण क्लीव्हलंड ब्राउन्सनी 40 वर्षांच्या जो फ्लॅकोला आधीच बाकावर बसवले होते. पाचव्या फेरीची निवड घेऊन त्यांनी फ्लॅको आणि वर सहाव्या फेरीची निवड देऊन टाकली. घेणाऱ्याची गरज दोन्ही वेळा सारखीच होती, पण एका ठिकाणी विकणारा हटून बसला होता आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला माल नकोच होता.

रत्नागिरीकर

दोघांचेही मनापासून आभार. आता रॉजर्सकडे येतो. आज ना उद्या शरीर दगा देणार हे ठाऊक असताना घेणाऱ्या संघाने स्वतःला सांभाळावे कसे?

उत्तर (देवगडहून)

आमच्या घरची हापूसची बाग आम्ही दोनदा कराराने दिली आहे, त्यामुळे या प्रश्नाला मी त्याच बाजूने भिडतो. पहिल्या वर्षी मोहोर पाहून उक्ती रक्कम ठरवली; नंतर अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला आणि ज्याने बाग घेतली होती तो माणूस बुडाला. दुसऱ्या वेळी थोडी रक्कम आगाऊ आणि उरलेली प्रत्यक्ष भरलेल्या पेट्यांवर असे ठरवले, तेव्हा कोणाचेच नुकसान झाले नाही. म्हातारा क्वार्टरबॅक हाही मोहोरावर घेतलेला माल आहे, आणि एनएफएलमधली सशर्त निवड म्हणजे पेट्यांवरचा करार.

ऑगस्ट 2008 मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी 38 वर्षांच्या ब्रेट फार्व्हला याच जेट्सकडे दिले, तो करार यातला सर्वांत शहाणा करार आहे असे मी मानतो. मूळ मोबदला चौथ्या फेरीचा. त्याने हंगामातले निम्मे डाव (म्हणजे संघाच्या चाली) खेळले तर तिसऱ्या फेरीचा. 70 टक्के खेळले आणि संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, गेला तर दुसऱ्या. 80 टक्के खेळले आणि संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला तर पहिल्या फेरीचा. फार्व्हने सोळाही सामने खेळले, जेट्सनी पहिल्या 11 पैकी 8 सामने जिंकले, मग दंडाच्या दुखापतीने खेळ ढासळला आणि संघ 9 विजयांवर थांबून प्लेऑफला मुकला. पॅकर्सना तिसऱ्या फेरीची निवड मिळाली. जेवढे पीक हाती आले, तेवढेच पैसे मोजले गेले.

2023 मध्ये त्याच पॅकर्सनी 39 वर्षांच्या रॉजर्सला जेट्सकडे दिले, तेव्हा शर्त एकच होती: त्याने 65 टक्के डाव खेळले तर 2024 ची पहिल्या फेरीची निवड, नाहीतर दुसऱ्या फेरीची. चार स्नॅपनंतर ती दुसऱ्या फेरीवर थांबली, त्यामुळे जेट्स वाचले असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. 2023 च्याच ड्राफ्टमध्ये जेट्स आपली 13 वी निवड देऊन 15 व्या क्रमांकावर उतरले होते आणि 42 वी निवडही त्यांनी दिली होती. डॅलस काउबॉइजमध्ये प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात तयार झालेल्या, प्रत्येक निवडीचे मोल गुणांत मांडणाऱ्या तक्त्यात 13 वी निवड 1150 ची, 15 वी 1050 ची आणि 42 वी 480 ची आहे. शेवटच्या फेऱ्यांमधली किरकोळ देवाणघेवाण सोडली, तर 580 गुण विनाशर्त गेले. त्या तक्त्यात दुसऱ्या फेरीच्या अगदी पहिल्या निवडीची किंमत एवढीच आहे. त्यावर पुन्हा पुढच्या वर्षीची दुसरी फेरी, तीही तो एकही डाव खेळला नाही तरी द्यायचीच. आगाऊ रक्कमच एवढी मोठी ठेवली, तर शर्त घालून राखले काय?

अलिबागहून

फार्व्हच्या कराराबद्दल आपण लिहिले ते पूर्ण मान्य, पण तो ऑगस्टमध्ये झाला, हे ध्यानात घ्यावे लागेल. निवृत्ती जाहीर करून परत आलेला फार्व्ह सराव शिबिरात येऊन उभा राहिला होता आणि पॅकर्सनी संघ आधीच रॉजर्सच्या हाती दिला होता. त्यांना काही दिवसांतच निकाल लावायचा होता. 2023 मध्ये मात्र आपल्याला जेट्सकडूनच खेळायचे आहे, हे रॉजर्सने मार्चमध्येच उघडपणे सांगितले होते, म्हणजे बाजारात दुसरा घेणारा उरलाच नव्हता. तरीही ड्राफ्टला तीन दिवस असताना जेट्सच वाकले. त्यांचा बचाव उत्तम होता, झॅक विल्सन या आधीच्या क्वार्टरबॅकवरचा भरवसा उडाला होता, आणि आणखी एक हंगाम तसाच घालवण्याची त्यांची तयारी नव्हती. रायनच्या वेळी अडचण विकणाऱ्याची होती, इथे ती घेणाऱ्याची होती, आणि त्या 580 गुणांत मला मुख्यतः तीच दिसते.